वैमानिकाची विश्रांती आणि वैमानिकांची संघटना

कामगार संघटना हा शब्द कानांवर पडला की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा, फाटकावरची सभा आणि लाल बावटा उभा राहतो. परळ-लालबागच्या गिरणगावाने महाराष्ट्राला या शब्दाचा जो अर्थ शिकविला, तो आपल्या मनांत इतका पक्का बसला आहे की, खांद्यावर सोनेरी पट्टे लावलेला, चाके असलेली पेटी ओढीत विमानतळावरून झपाझप चालणारा माणूस हाही एक कामगारच आहे, असे कोणी म्हटले तर आपल्याला थोडे हसूच येईल. त्यांतून वैमानिकांनी संप केला, की वर्तमानपत्रांत त्यांच्या पगाराचे आकडे छापून येतात. ते वाचून सामान्य माणूस विचारतो, “एवढा पगार मिळत असता या लोकांना आणखी काय हवे?”

हा प्रश्न गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याचे उत्तर पगाराच्या आकड्यांत सापडणार नाही, असे मात्र आम्हांस वाटते. म्हणून पगाराचा विचार क्षणभर बाजूला ठेवून आपण वैमानिकाच्या झोपेचा विचार करू. वैमानिकाने किती तास काम करावे आणि किती तास झोपावे, हे ठरविणारा जो नियम असतो, त्याच्याशी विमानाचे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचा संबंध आहे. आणि असा नियम एकट्यादुकट्या वैमानिकाला कधीच मिळविता आलेला नाही. या दोन गोष्टी एकदा ध्यानांत आल्या, म्हणजे वैमानिकांच्या संघटनेचा प्रश्न आपल्याला परका वाटणार नाही.

हजार तासांचा हिशेब

आपल्या देशांत वैमानिकाने वर्षाकाठी एक हजार तासांहून अधिक उड्डाण करू नये, असा नियम आहे. कचेरीत रोज आठ तास बसणारा मनुष्य वर्षाला दोन हजार तासांच्या आसपास काम करतो. तेव्हा वैमानिकाचे काम निम्मेच झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. पण हे हजार तास मोजावयाची रीत निराळी आहे. विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि मुक्कामी जाऊन थांबले की बंद होते. त्याच्या आधीचा, नंतरचा आणि मधला वेळ या हजारांत धरीत नाहीत.

एक साधे उदाहरण घेऊ. पहाटे साडेपाचला मुंबईहून एक विमान सुटावयाचे आहे. वैमानिकाला साडेचारला हजेरी द्यावयाची असते. हवामानाचे अहवाल, इंधनाचा हिशेब, विमानाची तपासणी ही कामे त्या तासाभरांत उरकावी लागतात. कंपनीची गाडी तीन वाजता दारांत येते, म्हणजे सव्वादोनला उठणे आले. दिवसांत दीड-दीड तासाची चार उड्डाणे आणि त्यांच्यामध्ये चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन मुक्काम धरले, तर शेवटचे विमान दुपारी दीडला उतरते. नोंदी पुऱ्या करून तो दोन वाजता मोकळा होतो. उड्डाणाचे तास झाले सहा. कामाचे झाले साडेनऊ. आणि घरचा उंबरठा ओलांडल्यापासून परत येईपर्यंत गेले बारा-साडेबारा. या दिवसाचे सर्वांत नाजूक काम, म्हणजे चौथ्यांदा विमान उतरविणे, हे तो जागा झाल्यावर अकरा तासांनी येते, आणि तेही अर्ध्यामुर्ध्या झोपेनंतर.

रात्रपाळीचे नियम अलीकडे कडक होईपर्यंत यांत कायद्याचा कोठेही भंग होत नव्हता, हे मुद्दाम लक्षांत घ्यावे. एखाद्या दिवशी असे काम करणे कोणाही निरोगी माणसाला जड नाही. पण आज पहाटे, उद्या दुपारी, परवा मध्यरात्री, असा क्रम महिनोन् महिने चालला, म्हणजे शरीराला दिवस कोणता आणि रात्र कोणती हेच उमगेनासे होते. कामाच्या पाळ्यांचा जो तक्ता कंपनी तयार करते त्याला ‘रोस्टर’ म्हणतात. वैमानिकाचे सारे आयुष्य या रोस्टरला बांधलेले असते.

थकव्याचे शास्त्र

मनुष्याच्या शरीरांत एक घड्याळ आहे आणि ते सूर्याच्या घड्याळाशी जुळलेले आहे. पहाटे दोन ते सहा या वेळांत शरीराचे तापमान उतरते, लक्ष विरळ होते आणि निर्णयाला विलंब लागतो. दिवसा पुरेशी झोप घेतली असली, तरी ही ओहोटी पूर्णपणे टळत नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियांतील दोन संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसांची हाताडोळ्यांची चपळाई त्यांनी मोजली. रक्तांत मद्याचे प्रमाण ०.०५ टक्के असताना ती जितकी मंदावते, तितकीच जागरणानेही मंदावलेली आढळली. मद्य पिऊन विमान चालविणाऱ्याला आपण तुरुंगाची वाट दाखवू. पण सतरा तास जागा असलेल्या माणसाला आपण ‘कर्तव्यदक्ष’ म्हणतो!

थकव्याची आणखी एक खोड अशी की, तो ज्याला येतो त्यालाच तो नीट कळत नाही. ताप थर्मामीटरने मोजता येतो, मद्य श्वासाने मोजता येते. थकवा मोजण्याचे तसे यंत्र अद्याप विमानतळावर आलेले नाही. त्यामुळे थकव्याविरुद्ध एकच खात्रीचा उपाय उरतो : काम आणि विश्रांती यांची मर्यादा आधीच आखून ठेवणे.

ही मर्यादा कशासाठी, याचे दुःखद उत्तर आपल्या शेजारच्या राज्यांत मिळाले आहे. २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान दुबईहून रात्री निघून सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरत असता टेकडीवरच्या धावपट्टीच्या टोकावरून खाली कोसळले. विमानांत १६६ माणसे होती. त्यांपैकी १५८ दगावली. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रकावर दोन तासांचे संभाषण असते. चौकशीत तो ऐकला गेला तेव्हा त्यांतील दीड तासाहून अधिक काळ मुख्य वैमानिक झोपेत असल्याचे आढळले. त्याच्या घोरण्याचा आवाज त्यावर आला होता. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाच्या बुद्धीवर काही काळ जे जडत्व राहते, त्याचा परिणाम त्याच्या निर्णयावर झाला असावा, असे चौकशी न्यायालयाने नमूद केले. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्याची सूचना एकदा नव्हे, तीनदा केली होती. ती ऐकली गेली नाही.

या अपघाताचे खापर त्या एका माणसावर फोडून मोकळे होणे सोपे आहे. उताराचा मार्ग सोडून देण्याचा निर्णय त्याने घ्यावयास हवा होता, यांत शंका नाही. पण पहाटेच्या त्या प्रहरी त्याचे डोळे मिटावेत, असा रोस्टर कोणी आखला, हाही प्रश्न विचारावयास हवा.

एकट्याचा आवाज

येथे कोणी म्हणेल, “वैमानिक थकला असेल तर त्याने तसे सांगावे. थकलेल्या वैमानिकाने उड्डाण करू नये असे नियमच सांगतो.” हे खरे आहे. पण असे सांगणाऱ्याची स्थिती काय होते ते पाहा. दीडशे-दोनशे उतारू दारांत उभे आहेत, दुसरा वैमानिक चटकन मिळत नाही, आणि विमान उशिरा सुटले की त्याचा जाब कोणाला तरी द्यावा लागणार. अशा वेळी ‘मी थकलो आहे’ हे वाक्य उच्चारणे म्हणजे स्वतःच्या नोकरीवर एक काळा ठिपका लावून घेणे आहे, असे त्याला वाटले तर नवल नाही.

नोकरी आवडत नसेल तर सोडावी, हा सल्लाही येथे फारसा उपयोगी नाही. वैमानिकाचे कौशल्य विशिष्ट जातीच्या विमानाशी बांधलेले असते. दुसऱ्या जातीचे विमान चालवावयाचे तर नवे शिक्षण घ्यावे लागते. पुष्कळ कंपन्यांत बढती ज्येष्ठतेच्या क्रमाने मिळते, म्हणून नव्या कंपनीत गेलेला अनुभवी माणूस रांगेच्या शेपटाशी उभा राहतो. शिवाय २०१७ साली आपल्या सरकारी महासंचालनालयाने मुख्य वैमानिकाला एक वर्षाची व सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना देणे सक्तीचे केले. एवढ्यावर भागत नाही. ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी आणि कृत्रिम विमानावरची परीक्षा चालूच असते. त्यांतील एकींत नापास झाला, की परवान्यावर गदा येते. सारांश, ज्याचा पगार मोठा त्याची भीतीही मोठी असते.

हे दुखणे नवे नाही. अमेरिकेत विमानाने टपाल नेण्यास सुरुवात झाली तेव्हा, जुलै १९१९ मध्ये, दाट धुक्यांत उड्डाण करण्यास नकार दिल्याबद्दल दोन वैमानिकांना टपाल खात्याने काढून टाकले. त्यांच्या सोबत्यांनी काम थांबविले. प्रकरण थोड्याच दिवसांत मिटले, आणि मिटताना जी तडजोड झाली ती फार मार्मिक होती. हवेविषयी वाद पडला आणि तळावरचा व्यवस्थापक स्वतः वैमानिक नसला, तर त्याने वैमानिकाबरोबर विमानांत बसून वर जावे आणि हवा आपल्या डोळ्यांनी पाहावी! ज्याने हुकूम द्यावयाचा त्याने धोक्याचा वाटाही उचलावा, हे तत्त्व त्या तरुण वैमानिकांनी एकत्र येऊन एका सरकारी खात्याच्या गळी उतरविले.

पुढे १९३१ साली शिकागो येथे डेव्हिड बेंकी या वैमानिकाच्या नेतृत्वाखाली अमेरिकन वैमानिकांची संघटना स्थापन झाली. वेळापत्रक पाळू, पण सुरक्षितता सांभाळून, अशा आशयाचे ब्रीद तिने घेतले. मंदीचे दिवस होते. मालक पगार कमी करीत होते आणि तास वाढवीत होते. १९३४ साली तेथील राष्ट्रीय मजूर मंडळाने आपल्या ८३ व्या निर्णयाने महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. १९३६ साली रेल्वे कामगारांसाठी असलेला कायदा विमान कंपन्यांनाही लागू झाला आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क वैमानिकांना मिळाला. उड्डाणाच्या तासांना मर्यादा असावी ही आज आपल्याला उघड वाटणारी गोष्ट अशा रीतीने भांडून मिळविलेली आहे.

मालाची विमाने आणि माणसांची विमाने

परंतु संघटना आणि शास्त्र दोन्ही एका बाजूस असली तरी नियम मिळतोच असे नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये क्यूबांतील ग्वांटानामो येथे एक मालवाहू विमान उतरताना कोसळले. त्याचे तिन्ही कर्मचारी सुमारे अठरा तास कामावर होते. सुदैवाने ते वाचले. वैमानिकांचा थकवा हे अपघाताचे संभाव्य कारण म्हणून अमेरिकेच्या चौकशी मंडळाने प्रथम नोंदविले ते याच अपघातांत. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ कोलगन कंपनीचे छोटे विमान एका घरावर पडून पन्नास माणसे मेली. त्यांतील तरुण सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विमानांतून प्रवास करीतच कामावर आली होती. मृतांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षे संसदेचे दरवाजे ठोठावले, वैमानिकांच्या संघटनेनेही जोर लावला, आणि अखेर ४ जानेवारी २०१४ पासून तेथे नवे नियम आले. कामापूर्वी किमान दहा तास विश्रांती आणि तीत सलग आठ तास झोपेची संधी, हे त्यांचे सार.

मात्र या नियमांतून मालवाहू विमाने वगळली गेली. खर्च फार येतो, हे कारण सांगण्यात आले. ज्या जातीच्या विमानाने या प्रश्नाची पहिली साक्ष दिली होती, नेमके तेच बाहेर राहिले! ऑगस्ट २०१३ मध्ये, म्हणजे नवा नियम तयार असून लागू व्हावयाचा होता त्या काळांत, अलाबामा राज्यांत एक मालवाहू विमान पहाटेच्या अंधारांत कोसळून दोन्ही वैमानिक मेले. त्यांच्या संघटनेने न्यायालयांत दाद मागितली. २०१६ साली ती फेटाळली गेली. वैमानिकाच्या पाठीमागच्या दारापलीकडे खोकी आहेत की माणसे, यावर त्याच्या डोळ्यांवरची झापड अवलंबून नसते. परंतु नियम अवलंबून राहिला.

आपल्या घरची परिस्थिती

आता आपण भारताकडे वळू. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कामाच्या तासांचे सुधारलेले नियम जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढविली. रात्रपाळीत विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. हे नियम जून २०२४ पासून अमलांत यावयाचे होते. विमान कंपन्यांनी वेळ मागितला आणि ते लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयांत पाठपुरावा केला, तेव्हा कोठे १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले.

यानंतर काय झाले हे श्रोत्यांच्या स्मरणांत ताजे असेल. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यांत इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले, आजारी माणसाला भेटावयास निघालेले लोक विमानतळांवर अडकून पडले. ५ डिसेंबरला सरकारने साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये ही अट मागे घेतली आणि त्या कंपनीला रात्रपाळीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. पुढे कंपनीला दंडही झाला. पण लोकांच्या मनांत जी समजूत राहिली ती अशी की, वैमानिकांना जास्त झोप दिल्यामुळे विमाने बंद पडली. वास्तविक नियम जाहीर होऊन जवळजवळ दोन वर्षे लोटली होती. वाढलेल्या विश्रांतीला किती वैमानिक अधिक लागतील, हा त्रैराशिकाचा प्रश्न होता. ते गणित वेळेवर सोडविले गेले नाही, आणि त्याचा भुर्दंड आधी उतारूंना व मग विश्रांतीच्या नियमाला बसला.

येथे संघटनेची बाजू मांडताना तिचे दोष झाकणे उचित होणार नाही. २०११ साली एअर इंडियांत सुमारे दहा दिवसांचा आणि २०१२ साली ५८ दिवसांचा संप झाला. पहिल्याच्या मुळाशी समान वेतनाचा वाद होता, दुसऱ्याच्या मुळाशी नव्या ड्रीमलायनर विमानांचे शिक्षण कोणत्या गटाला मिळावे हा. २००७ साली दोन सरकारी कंपन्या एकत्र झाल्या, पण त्यांचे वैमानिक मनाने आणि संघटनेने दोनच राहिले. एकमेकांच्या बढतीवर डोळा ठेवून ते भांडले. दोन्ही वेळा संबंधित संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. लोकांची सहानुभूतीही गेली, कारण त्या भांडणांत उतारूला आपले हित कोठे दिसेना. शिवाय ज्याचा पगार उड्डाणाच्या तासांवर वाढतो, त्याला जादा तासांचा मोह पडतो, हेही कबूल केले पाहिजे. विश्रांती मागणारी संघटना आपल्याच सभासदांच्या या मोहाला आवर घालू शकते की नाही, यावर तिची किंमत ठरते.

तथापि दोष असलेली संघटना नाहीशी करून दोष नाहीसा होत नाही. २००९ साली जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना काढताच दोघांना नोकरी गमवावी लागली. त्यावर शेकडो वैमानिक एकाच वेळी ‘आजारी’ पडले आणि पाच दिवस विमाने जमिनीवर राहिली. सरळ बोलण्याचा दरवाजा बंद केला, की माणसे अशी आडवळणाने बोलू लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली रजा हीदेखील संपच मानली आहे आणि संपाला चौदा दिवसांची नोटीस आवश्यक केली आहे. आडवळण बंद झाले हे ठीकच. पण मग सरळ रस्ता मोकळा राहिला पाहिजे. वैमानिक हा कायद्याच्या दृष्टीने कामगार की अधिकारी, हा वाद न्यायालयांत पुष्कळ चालला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली तो कामगारच आहे असा निर्वाळा दिला. त्याचे मुख्य काम कौशल्याचे व तांत्रिक असल्यामुळे पगाराचा आकडा आड येत नाही, असा त्याचा आशय. गिरणगावांतला जॉबर आणि आकाशांतला कप्तान यांच्यामध्ये कायद्याने तरी भिंत मानलेली नाही.

मग व्हावे काय? आमच्या मते तीन गोष्टी मुख्य आहेत. थकव्याचा अहवाल देणाऱ्या वैमानिकाला शिक्षा होणार नाही, याची हमी केवळ कागदावर न राहता प्रत्यक्ष मिळावी. रोस्टर आखणाऱ्या आणि नियम करणाऱ्या मंडळांत वैमानिकांच्या प्रतिनिधींना सल्ल्यापुरते न बोलाविता हक्काने बसवावे. आणि विश्रांतीच्या नियमाला सूट द्यावयाचीच झाली, तर ती कोणी मागितली, का मागितली आणि किती दिवसांसाठी दिली, हे लोकांपुढे यावे. यांतील एकाही गोष्टीने कोणाचा पगार एक रुपयाने वाढत नाही.

एस.टी.च्या गाडीवर आपण चालकाशी बोलू नये अशी पाटी वाचतो आणि ती पाळतोही; कारण त्याच्या लक्षावर आपला जीव आहे हे आपल्याला समोर दिसते. विमानांत चालक दाराआड असतो. तो किती झोपला आहे हे विचारण्याची सोय नाही. तो प्रश्न आपल्या वतीने कोणी तरी आधीच विचारून ठेवावा लागतो. सरकारने तो विचारावा हे त्याचे कर्तव्य आहे. पण सरकार विचारण्यास विसरले किंवा कोणाच्या दडपणाखाली गप्प बसले, तर निर्भयपणे विचारणारी दुसरी जागा वैमानिकांची संघटना हीच आहे. म्हणून पुढच्या वेळी वैमानिकांच्या मागण्यांची यादी वर्तमानपत्रांत येईल, तेव्हा तीत पगाराचे कलम शोधण्यापूर्वी विश्रांतीचे कलम शोधावे. ते सापडले, तर ती मागणी जितकी त्यांची तितकीच आपलीही आहे.